सामान्य सदस्य

शाळेतून निवृत्त होऊन आम्हाला दोन वर्षे झाली होती. फजरनंतर फिरून यायचे, वर्तमानपत्र वाचायचे, दुपारी मोहल्ल्यातल्या पोरांचे मराठी व्याकरण घ्यायचे, असा दिनक्रम होता. २०१४च्या पावसाळ्यात शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाचा शिपाई मोटारसायकलवरून पत्र घेऊन आला. संस्थेच्या नैतिकता समितीवर 'सामान्य व्यक्ती' या नात्याने आपली नेमणूक करण्याचा मानस आहे, संमती कळवावी, असा मजकूर होता. बेगमने पत्र वाचले आणि विचारले, "नैतिकता समिती म्हणजे काय? तिथले लोक काही वाईट वागतात का?"

आम्हालाही नीट ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात गेलो तेव्हा सचिव डॉक्टरांनी समजावून सांगितले. माणसांवर कुठलेही संशोधन करायचे असेल, नव्या औषधाची चाचणी असो की एम.डी.च्या विद्यार्थ्याचा प्रबंध असो, आधी या समितीची मान्यता लागते. औषधांच्या चाचण्या तपासणाऱ्या समित्यांना २०१३पासून दिल्लीच्या औषध नियंत्रकाकडे नोंदणी सक्तीची झाली होती. समितीत किमान सात माणसे हवीत. अध्यक्ष संस्थेबाहेरचा हवा. डॉक्टर, वकील, समाजशास्त्र जाणणारा कोणी आणि शिवाय एक साधा माणूस, ज्याला वैद्यकातले काही कळत नाही. तो साधा माणूस म्हणजे आम्ही.

आमचीच निवड का झाली, हे त्यांनी सांगितले नाही. पण ते आम्हाला कळले. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात निम्म्याहून अधिक गर्दी आमच्या यंत्रमागाच्या वस्तीतली असते. तिथे आम्हाला 'मास्टर' म्हणून ओळखतात. आमचे नाव यादीत असणे त्यांच्या सोयीचे होते. गावाचे नाव इथे देत नाही. दिले तर रुग्णालयही ओळखू येईल, आणि आम्हाला तक्रार करायची ती एका रुग्णालयाची नाही.

मोहल्ल्यात आमच्या शब्दाला थोडी किंमत आहे, ती पोलिओच्या दिवसांपासून. शिक्षकांना पल्स पोलिओची ड्युटी असायची. २०००नंतरची ती काही वर्षे कठीण होती. डोस पाजल्याने पोरे पुढे नामर्द होतात, ही अफवा उत्तर प्रदेशातून फिरत फिरत आमच्या गल्लीत आली. दारे बंद व्हायची. आतून आवाज यायचा, "बच्चा घर में नहीं है." आम्ही पायरीवर बसायचो, चहा मागायचो, स्वतःच्या नातवाला डोस पाजल्याचे सांगायचो. जुम्म्याच्या नमाजनंतर इमामसाहेबांना दोन शब्द बोलायला लावले. हळूहळू दारे उघडली. २०११च्या जानेवारीत बंगालमधल्या हावड्याला देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण सापडला आणि २०१४च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यात एका गल्लीपुरता आमचाही वाटा आहे, असे आम्ही मनात धरून होतो.

समितीवर गेल्यावर सदस्यांसाठी अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण झाले. मुंबईहून आलेल्या बाईंनी पडद्यावर चित्रे दाखवत इतिहास सांगितला. नाझी डॉक्टरांवरचा खटला, १९४७ची न्यूरेंबर्ग संहिता, १९६४चा हेलसिंकी जाहीरनामा. मग त्यांनी नायजेरियातल्या कानो शहराचे नाव घेतले आणि आम्ही खुर्चीत सरसावून बसलो. कानो मुसलमानी वस्तीचे जुने शहर. पोलिओच्या काळात आमच्या जिल्ह्याच्या बैठकीत हे नाव ऐकले होते. २००३ साली तिथल्या लोकांनी पोलिओची लस नाकारली, तिथला विषाणू मग विसेक देशांत गेला, एवढे आम्हाला माहीत होते. 'अडाणी लोक' असे तेव्हा कोणीतरी म्हटले होते, आणि खरे सांगायचे तर आम्हीही मान हलवली होती.

बाईंनी त्याआधीची गोष्ट सांगितली. १९९६ साली कानोमध्ये मेंदूज्वराची भयंकर साथ आली होती. फायझर या अमेरिकी कंपनीचे लोक तिथल्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात उतरले. त्यांनी २०० मुले निवडली. १०० मुलांना ट्रोव्हान हे नवे औषध दिले, १०० मुलांना सेफ्ट्रियाक्झोन हे प्रस्थापित औषध. त्यातली ११ मुले दगावली, नव्या औषधाच्या गटात पाच आणि जुन्याच्या गटात सहा. काहींना कायमचे अपंगत्व आले. आकडे पाहिले तर औषधाने मारले असे म्हणता येत नाही, साथच तशी होती. पण आईबाप पुढे म्हणाले, हा प्रयोग आहे हे आम्हाला कोणी सांगितलेच नाही. तोंडी संमती घेतली होती, असे कंपनीचे म्हणणे. २००० साली 'वॉशिंग्टन पोस्ट'ने प्रकरण बाहेर काढले, तेव्हा नैतिकता समितीच्या मान्यतेच्या पत्राचाही शोध लागला. पत्र होते, त्यावर चाचणीच्या आधीची तारीखही होती. मात्र त्या तारखेला त्या इस्पितळात नैतिकता समितीच अस्तित्वात नव्हती! पत्र मागाहून तयार करून मागची तारीख टाकलेली होती. २००९ साली कंपनीने कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरची तडजोड केली. चूक मात्र कबूल केली नाही.

लस नाकारण्यामागे राजकारण होते, अफवा होत्या, इतर कारणेही होती. पण त्या आईबापांच्या मनात ही जुनी जखम होती, हे त्या दिवशी आम्हाला प्रथमच कळले. आमच्या गल्लीतल्या बंद दारांमागे काय होते, हे आम्ही कधी विचारले होते का? आम्ही फक्त दार उघडून घेतले होते.

असो. समितीचे कामकाज सांगायचे तर ते असे. दोन-अडीच महिन्यांतून एक बैठक. बैठकीच्या दोन दिवस आधी घरी जाडजूड पाकीट यायचे, सगळे इंग्रजीत. एका बैठकीत औषध कंपनीच्या एक-दोन चाचण्या आणि विद्यार्थ्यांचे वीस-पंचवीस प्रबंध. दुपारी तीनला सुरू होऊन पाचला संपले पाहिजे, कारण डॉक्टरांना संध्याकाळचे दवाखाने. सचिव डॉक्टर सकाळची ओपीडी उरकून, जेवण न करता यायचे. समितीला कारकून नव्हता. एक कपाट होते, तेही औषधशास्त्र विभागाबरोबर सामाईक. प्रिंटरची शाई कंपनीच्या चाचण्यांच्या शुल्कातून यायची, म्हणजे ज्यांना तपासायचे त्यांच्याच पैशातून. हे लोक वाईट नव्हते, हे आम्हाला आवर्जून लिहायचे आहे. अध्यक्षबाई तर प्रत्येक पान वाचून यायच्या. पण वीस प्रबंधांना दोन तास, म्हणजे एकाला सहा मिनिटे. सहा मिनिटांत काय होते? संमतीपत्र जोडले आहे का, मराठी भाषांतर आहे का, सह्यांच्या जागा आहेत का. आहेत? मंजूर. चहा, बिस्किटे, मानधनाचे पाकीट.

पहिले वर्षभर आम्ही जवळजवळ गप्प होतो. एकदा मात्र संमतीपत्राच्या मराठीवर बोललो. 'आपणांस यादृच्छिक पद्धतीने उपचार गट नियत करण्यात येईल' असे त्यात होते. आम्ही म्हटले, चाळीस वर्षे मराठी शिकवले, आम्हालाही हे दोनदा वाचावे लागले. 'कोणती गोळी तुमच्या वाट्याला येईल हे चिठ्ठी टाकून ठरेल' असे लिहा. वकीलसाहेब हसले, म्हणाले, "मास्तर, अगदी बरोबर." पण भाषांतर कंपनीने प्रमाणपत्रासह पाठवलेले होते. बदलायचे तर ते परत बंगलोरला जाणार, उलट भाषांतर होणार, महिना जाणार. "पुढच्या वेळी बघू," असे ठरले. आम्हीही मान डोलावली.

ती चाचणी मधुमेहाच्या एका नव्या गोळीची होती. आमच्या मागच्या गल्लीतल्या एक खाला त्यात होत्या, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळले. नवरा यंत्रमागावर काम करून करून दम्याने गेलेला, मुलगा भिवंडीला. खालांना लिहिता-वाचता येत नाही. रुग्णालयात त्यांना गोळ्या फुकट मिळू लागल्या, दर महिन्याला रक्ततपासणी, रिक्षाचे भाडेही. त्या वेळी नियम कडक झाले होते. २०१३च्या नोव्हेंबरपासून संमती घेतानाचे चित्रीकरण सक्तीचे केले होते. (२०१५ साली ते दुर्बल गटातल्या लोकांपुरते आणि अगदी नव्या रसायनांपुरते मर्यादित झाले.) खालांनी आधी कॅमेऱ्यापुढे बसायला नकार दिला होता. "हे कोण बघणार?" असे विचारले. कोणी परका बघणार नाही, असे नर्सने सांगितल्यावर त्या नकाब घेऊन बसल्या. साक्षीदार म्हणून वॉर्डातल्या मावशींनी सही केली. खालांनी अंगठा उठवला.

दीड वर्षाने चाचणी संपली आणि गोळ्या थांबल्या. खालांची समजूत अशी झाली की कोर्स पूर्ण झाला, आजार गेला. त्यांनी काहीच औषध घेतले नाही. सात-आठ महिन्यांनी पायाला चप्पल लागून जखम झाली. ती चिघळली. शेवटी सरकारी इस्पितळात पायाची दोन बोटे काढावी लागली. आम्ही भेटायला गेलो. खाला खाटेवर बसून तसबीह ओढत होत्या. आम्हाला पाहून म्हणाल्या, "मास्टर, वो दवा बंद कायकू हुई? तुमीच तो हैं ना उनकी कमेटी में. मैं तुमारा नाम सुनके अंगूठा दी."

आमचे नाव कोणी घेतले होते, नर्सने की शेजारणीने, ते आम्ही विचारले नाही. घरी येऊन जुन्या पाकिटांचा गठ्ठा काढला. (ती पाकिटे बैठकीनंतर परत करायची असतात. आम्ही काही केली नव्हती. ही आमची चूक.) संमतीपत्राच्या अकराव्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत लिहिले होते : 'अभ्यास समाप्त झाल्यानंतर अभ्यासौषधी उपलब्ध होणार नाही. आपण आपल्या वैद्यकांचा सल्ला घ्यावा.' त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ होती. आमचीच. म्हणजे आम्ही ती वाचली होती, काहीतरी खटकले होते, आणि बैठकीत बोललो नव्हतो.

पुढच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला. सचिव डॉक्टरांनी फाइल मागवली. संमतीपत्र होते, अंगठा होता, साक्षीदाराची सही होती. चित्रीकरणाची तबकडीही होती. त्यांनी ती लॅपटॉपवर लावून दाखवली. पडद्यावर खाला बसलेल्या. संशोधक डॉक्टर एकामागून एक वाक्ये वाचतायत, आणि प्रत्येक वाक्याला खाला मान हलवतायत. "समजले ना?" "जी." "काही विचारायचे आहे?" "जी नहीं." डॉक्टर खिन्नपणे म्हणाले, "सर, यापेक्षा आम्ही आणखी काय करणार?" त्यांची फाइल पूर्ण होती. २०१९चे नवे नियम आले, त्यात चाचणीनंतर औषध पुढे मोफत देण्याची तरतूद झाली. पण तीही दुसरा उपचार उपलब्ध नसेल तेव्हाच. मधुमेहाला दहा गोळ्या बाजारात आहेत. खालांना हवी होती ती गोळी नव्हतीच. 'हे संपले तरी आजार संपत नाही' एवढे त्यांच्या भाषेत सांगणारा माणूस हवा होता.

२०१८ साली बाहेरून एक पाहणी पथक आले. दोन दिवस त्यांनी कपाट तपासले. इतिवृत्ते, उपस्थिती, गणसंख्या, सदस्यांचे परिचयपत्रक, हितसंबंध जाहीर केल्याचे कागद, मान्यता द्यायला किती दिवस लागले. आमच्या समितीला चांगला शेरा मिळाला. पेढे वाटले. आम्हीही एक खाल्ला. पथकातल्या एका गृहस्थांना आम्ही विचारले, ज्यांच्यासाठी ही समिती आहे, त्या रुग्णांपैकी कोणाशी तुम्ही बोललात का? ते सज्जन होते. म्हणाले, "आमच्या तपासणी यादीत तसा मुद्दा नाही."

अध्यक्षबाईंना आमचे खटकणे कळले असावे. त्यांनी आम्हाला एक पत्रिका वाचायला दिली. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाचे हेन्री सिल्व्हरमन यांनी इजिप्तमधल्या सहकाऱ्यांबरोबर गरीब देशांतल्या समित्यांसाठी केलेले हे काम. समितीने स्वतःलाच गुण द्यायचे, एकूण २००. समितीला स्वतःचा पैसा आहे का, कर्मचारी आहे का, सदस्यांचे प्रशिक्षण होते का, मान्यता दिल्यावर पुढे कोणी पाहते का, असे प्रश्न. बेगमला चहा ठेवायला सांगून आम्ही एका दुपारी प्रामाणिकपणे गुण मांडले. कागदाच्या बाबतीत आम्ही वर, पैसा, माणसे आणि मान्यतेनंतरची देखरेख यांत तळाशी. पत्रिका उपयोगाची आहे. निदान कारकून मागायला आधार तरी मिळाला, आणि दीड वर्षाने अर्धवेळ कारकून मिळालाही. पण तीही रचना आणि कार्यपद्धती मोजते. खाला तिच्यात कुठे बसतात, ते आम्हाला सापडले नाही.

एकदा वाटले, हा आमच्यासारख्या लहान गावांचाच प्रश्न असेल, मोठ्यांचे बरे असेल. मग उस्मानाबादचे प्रकरण वाचले. उस्मानाबाद, आताचे धाराशिव, आमच्या नात्यागोत्याचा जिल्हा. तिथे १९९९ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ गट, चार भाग. तीन भागांतल्या स्त्रियांची तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी. चौथ्या भागातल्या ३१,४८८ जणींना नेहमीची सेवा, म्हणजे तपासणी कुठे होते याची माहिती तेवढी. २००९ साली निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४. या ज्ञानाचा जगभर उपयोग झाला, हे मान्य करावे लागेल. पण देशात आणि परदेशात वादही झाला. तपासणीचा उपयोग होतो हे ठाऊक असताना चौथा गट तसा का ठेवला, आणि त्या स्त्रियांना किती समजावले होते? आपल्याकडे तपासणीची सोय नव्हतीच, मग 'नेहमीची सेवा' म्हणजे काहीच नाही, त्यात कोणाचे काही हिरावले नाही, असा बचाव. या बचावाने आम्ही फार अस्वस्थ झालो. गरिबाला मुळातच काही मिळत नाही, म्हणून प्रयोगात त्याला काही न देणे चालते, असा त्याचा अर्थ होतो. आणि या अभ्यासांना मोठमोठ्या संस्थांच्या समित्यांची मान्यता होती. तिथेही आमच्यासारखा एखादा सामान्य सदस्य असेल. त्याने पेन्सिलीने रेघ मारली असेल का?

आम्ही राजीनामा लिहिला होता. बेगमने तो वाचून परत दिला. "तुम्ही गेलात तर दुसरा मास्टर आणतील. तो तर खालांना ओळखतही नसेल." तिचे म्हणणे पटले. समितीला चाचणीच्या जागी जाऊन पाहण्याचा अधिकार नियमातच आहे. कोणी वापरत नव्हते इतकेच. आम्ही अध्यक्षबाईंकडून पत्र घेतले आणि महिन्यातून एका गुरुवारी वॉर्डात जाऊ लागलो. चाचणीतल्या माणसाजवळ बसायचे, आपल्या बोलीत तीन गोष्टी विचारायच्या. तुमच्यावर काय चालले आहे? मधेच सोडावेसे वाटले तर सोडता येते का? हे संपल्यावर काय करणार? पहिल्या प्रश्नाला बहुतेकांचे उत्तर 'बडे डॉक्टर इलाज करतायत' असे. दुसऱ्याला बायका नवऱ्याकडे बघत. तिसरा प्रश्न ऐकून बहुतेक जण आम्हालाच विचारत, "संपणार आहे का?"

हे आम्ही इतिवृत्तात लिहायला लावले. एक तरुण संशोधक रागावला. मास्तर रुग्णांना बिथरवतात, असे म्हणाला. सचिव डॉक्टरांनी त्याला गप्प केले नाही, पण आम्हालाही थांबवले नाही. त्यांच्या जागी राहून हे पुष्कळ होते.

२०२४च्या ऑक्टोबरमध्ये हेलसिंकी जाहीरनामा पुन्हा सुधारला. समितीत सर्वसामान्य जनतेतला एक तरी माणूस असलाच पाहिजे आणि समितीकडे कामापुरती साधने असली पाहिजेत, असे आता त्यात स्पष्ट म्हटले आहे. कारकुनाने तो भाग छापून आमच्या पाकिटात ठेवला होता. प्रिंटरची शाई अजून तिथूनच येते.

गेल्या हिवाळ्यात एका विद्यार्थिनीचा प्रबंध आला. बाळंतपणानंतरच्या रक्तक्षयाचा अभ्यास, फक्त प्रश्नावली आणि रक्ताचा एक नमुना. संमतीपत्र पुन्हा त्याच संस्कृताळलेल्या मराठीत. आम्ही म्हटले, हे मंजूर करण्याआधी एका अंगठा उठवणाऱ्या बाईला वाचून दाखवा. समितीचे कागद बाहेर न्यायचे नसतात, म्हणून फक्त संमतीपत्रापुरती परवानगी लेखी घेतली. मुलगी नाराज होती, प्रबंध नोंदवायची मुदत जवळ आली होती. तरी आली. आम्ही तिला खालांच्या घरी नेले. खाला आता पायात जाड सोलची चप्पल घालून घरातल्या घरात चालतात. त्यांनी तिला चटईवर बसवले, शेवया पुढे केल्या, आणि चष्मा नसूनही कागदाकडे वाकून म्हणाल्या, "पढ, बेटी."

मुलीने वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीवर खालांनी हात वर केला.

"रुक. ये 'सहभागी' कौन? मैं क्या?"